नऊला न दिसणारी चूक

चाकणला डिस्पॅचमध्ये काम करणाऱ्या माणसाचा दिवस आकड्यांत जातो, पण त्यातल्या एकाही आकड्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते. गाडी नंबर, कंटेनर नंबर, सील नंबर, इन्व्हॉइस नंबर, ई-वे बिलाचा बारा अंकी नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल. उतरवून घ्यायचे आणि पुढे पाठवायचे, एवढंच. माझी नोकरी निघोजेच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात. गेटवर ट्रेलर उभा, आत स्टफिंग चाललेलं, हातात चहाचा कागदी कप आणि कानाला फोन, या अवस्थेत मी आयुष्यातले बहुतेक आकडे लिहिले.

अशा लिखाणात चुका दोन तऱ्हांच्या होतात. एखादा अंकच चुकीचा वाचला जातो, ३ चा ८ किंवा १ चा ७. नाहीतर शेजारचे दोन अंक जागा बदलतात, ४७ चे ७४ होतात. यातली दुसरी जास्त वाईट. सगळे अंक जागच्या जागी नसले तरी हजर असतात, त्यामुळे तीनदा ताडून पाहिलं तरी डोळा पुढे सरकतो. पहिली चूक डोळ्याला खटकते, दुसरी डोळ्याला पटते.

ही दुसरी चूक कशी पकडायची ते मला आमच्या अकाउंट्समधल्या काकांनी दाखवलं. निवृत्तीला आलेले, नाशिकरोडकडचे गृहस्थ. टॅली आलं, सॅप आलं, तरी टेबलाच्या खणात लाल शाईचं पेन असायचं. मालाची आमची यादी आणि ट्रान्सपोर्टचं बिल यांत एकदा २७० रुपयांचा फरक निघाला. मी यादी वरून खाली वाचायला लागलो तर काका म्हणाले, "थांब रे. आधी फरकाला नवाने भाग जातोय का बघ."

२७० ला नवाने भाग जातो, तीस वेळा.

"मग कुणीतरी दोन अंक उलटे लिहिलेत. तीस म्हणजे दशक आणि शतकाच्या घरात, आणि त्या दोन अंकांत तीनचा फरक. शोध."

सापडलं. ८,४७० च्या जागी ८,७४० लिहिलं होतं. सात वजा चार तीन, आणि शतकाचं व दशकाचं घर बदललं म्हणून शंभर वजा दहा, म्हणजे नव्वद. तीन नव्वद दोनशे सत्तर. काकांना यात काही विशेष वाटलं नाही. जुने मुनीम हे करतच आले आहेत. त्यांनी एक सूचना मात्र दिली, जी पुढे मला फार उपयोगी पडली: नवाने भाग गेला म्हणजे अदलाबदल झालीच असं नाही, तो नुसता संशय. भाग नाही गेला तर मात्र एकट्या अदलाबदलीवर आळ घेऊ नये, खात्री बाळग.

यामागचं कारण मी नंतर बसमध्ये बसून लावलं. दहा घ्या, शंभर घ्या, हजार घ्या, नवाने भागलं की बाकी एकच उरते. त्यामुळे अंक एककात बसलाय की लाखाच्या घरात, याच्याशी नवाला काही देणंघेणं नाही. तो फक्त अंकांची बेरीज बघतो. ४७ आणि ७४ त्याच्या लेखी एकच, दोघांचीही बाकी दोन. म्हणूनच दोघांच्या वजाबाकीत नवाला काही उरत नाही. मजा अशी की नऊ या चुकीला आंधळा आहे आणि त्या आंधळेपणामुळेच मुनीम तिला हुडकू शकतो. पण त्यासाठी दोन आकडे हातात हवेत, एक बरोबर आणि एक चूक. आमच्या गेटवर हातात एकच आकडा असतो.

कंपनीची बस भोसरीहून सुटते, मोशी ओलांडते आणि पुणे-नाशिक रस्त्यावर अडकते. चाकणच्या तळेगाव चौकात किती वेळ जाईल हे देवालाही सांगता येत नाही. तिथे समोरच्या टेम्पोच्या पाटीवरचे चार अंक घेऊन खेळायची सवयही काकांचीच. एमएच-१४ च्या पुढचे चार अंक, समजा ४८१७. ते उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी करायची. ८७४१ वजा १४७८ म्हणजे ७२६३. पुन्हा तेच: ७६३२ वजा २३६७ म्हणजे ५२६५. मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि शेवटी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. इथून पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहतं. चारही अंक सारखे असलेली पाटी सोडली तर कुठलीही गाडी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ला येऊन थांबते. सात वजाबाक्यांत बस तळेगाव चौकात बहुधा दोन गाड्यांइतकी पुढे गेलेली असते.

हा शोध ज्यांचा, ते याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ साली डहाणूला जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदवीनंतर पुढचं शिक्षण झालं नाही. १९३० ते १९६२ अशी सगळी हयात देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली आणि उरलेल्या वेळात संख्या. ६१७४ चं हे वागणं त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. मोठ्या गणितींनी फारसं मनावर घेतलं नाही. बाहेर नाव झालं ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा. डोंबिवलीवरून एका तऱ्हेच्या संख्यांना 'डेम्लो' नाव देणारा माणूस मला मनापासून आवडतो. लोकलची वाट बघताना आपण फार तर इंडिकेटर बघतो.

काकांचा नऊ आणि कापरेकरांचा ६१७४ एकाच घरचे आहेत, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. कापरेकरांच्या खेळात होतं काय? त्याच अंकांच्या जागा बदलायच्या आणि वजाबाकी करायची. म्हणजे मुनिमाची चूक मुद्दाम करायची. मग प्रत्येक उत्तराला नवाने भाग जाणारच. ७२६३, ५२६५, ३९९६, हवं तर बेरजा करून बघा. ६१७४ ची बेरीज अठरा, आणि अठराने भागलं तर ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनीच 'हर्षद' नाव दिलं होतं. तेव्हा ६१७४ हर्षदसुद्धा आहे.

आमच्याकडे आयटीआय करून आलेला एक अप्रेंटिस होता, परभणीकडचा. पोरगं पॅकिंगला होतं पण डोकं सतत चालू. त्याला हे दाखवलं तर म्हणाला, "सर, चार अंकी झालं. मोबाइल नंबराएवढ्याला लावलं तर?"

दहा अंकी आकड्याचं गणित चार अंकीसारखं सरळ नाही. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जात नाहीत. काही आकडे मोजक्या आकड्यांच्या फेऱ्यात अडकतात आणि गोल फिरत बसतात. स्वतःपाशीच थांबणारे दहा अंकी आकडे तीन आहेत: ६३३३१७६६६४, ९९७५०८४२०१ आणि ९७५३०८६४२१. त्यातला तिसरा आम्हाला रिकाम्या खोक्यावर मार्करने सापडला, आणि तोही सगळ्यात सोप्या जागी. पोराने दहाच्या दहा अंक घेतले, एकेकदा. उतरत्या क्रमाने ९८७६५४३२१०. चढत्या क्रमाने ०१२३४५६७८९. वजाबाकी:

९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१

उत्तरातही शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे अंक आहेत, प्रत्येक एकदाच. मग पुन्हा उतरत्या-चढत्या क्रमाने लावले तर पहिलीच वजाबाकी समोर येणार आणि पहिलंच उत्तर. आकडा जागचा हलत नाही.

पोरगं एवढ्यावर खूश होतं. मला मात्र त्या उत्तराचं रूप सोडवेना. नऊ, सात, पाच, तीन असे विषम अंक उतरत येतात. मग शून्य. मग आठ, सहा, चार, दोन असे सम अंक उतरत येतात. आणि एक, जो खरं तर तीनच्या मागे उभा राहायला हवा होता, तो एकदम शेवटी. असं का? हाताने वजाबाकी केली की उलगडतं. एककात शून्यातून नऊ जात नाहीत, हातचा घ्यावा लागतो, दहातून नऊ गेले, राहिला एक. दशकात एक होता, तो हातच्यात गेला, तिथे आता शून्य, त्यातून आठ जात नाहीत, पुन्हा हातचा, राहिले दोन. पुढे दोनाचा एक झालेला, त्यातून सात नाहीत, राहिले चार. मग सहा, मग आठ. आता पाचातून चार: पण पाचातला एक उजवीकडे दिलेला, चारातून चार गेले, शून्य. इथे हातच्यांची साखळी तुटते. पुढे सहातून तीन, सातातून दोन, आठातून एक, नवातून शून्य, सगळं सुरळीत: तीन, पाच, सात, नऊ. हातचा नसता तर डावीकडे नऊ, सात, पाच, तीन, एक असंच आलं असतं. त्या मधल्या घराने एक उसना दिला म्हणून तिथे शून्य बसलं, आणि उजवीकडचे सगळे आकडे विषमाचे सम झाले. फक्त अगदी शेवटच्या घराने कुणालाच काही दिलेलं नव्हतं, म्हणून तिथला एक विषमच राहिला. इयत्ता तिसरीतल्या हातच्याने एवढं नक्षीकाम केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

या आकड्याची बेरीज पंचेचाळीस. शेवटी एक असल्यामुळे पाचाने भाग जात नाही, म्हणजे पंचेचाळीसनेही नाही. तेव्हा हा हर्षद नाही. नवाने मात्र जातो, आणि नवाने भागून आलेल्या १०८३६७६२६९ ला आणखी तीनाने जातो, म्हणजे एकूण सत्तावीसने. सत्तावीस हा महाराष्ट्राचा जीएसटी कोड, आपल्या राज्यातल्या प्रत्येक जीएसटी नंबराची सुरुवात त्यानेच होते. याला काहीही अर्थ नाही. पण आरटीओत पैसे मोजून बेरीज नऊ येणारा पसंतीचा नंबर घेणारे लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते त्यात अर्थ काढतील, म्हणून सांगत नाही. नवाविषयी लोकांना भक्ती वाटते. मला धंद्यातल्या माणसासारखा त्याचा दोषच जास्त दिसतो. अंक इकडचे तिकडे केले तर नऊ ओरडत नाही.

ओरडतो तो अकरा. त्याची गाठ कंटेनरवर पडली.

कंटेनरच्या दारावर चार इंग्रजी अक्षरं, सहा अंक आणि पुढे चौकटीत एक सुटा अंक असतो. नवीन माणूस त्या सुट्या अंकाला बॅच नंबर समजतो. तो तपासणीचा अंक असतो. जगभर एकच नियम आहे. अक्षरांना किंमती ठरवून दिल्या आहेत: ए ला १०, बी ला १२, सी ला १३, असं करत झेड ला ३८. मध्ये ११, २२ आणि ३३ गाळले आहेत. मग डावीकडून पहिल्याला एकने गुणायचं, दुसऱ्याला दोनने, तिसऱ्याला चारने, असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने. सगळ्यांची बेरीज करून अकराने भागायचं, जी बाकी उरेल तो सुटा अंक.

हा नियम समजावताना सगळीकडे जो नमुना देतात तोच घेतो: सीएसक्यूयू ३०५४३८, सुटा अंक ३. सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. गुणाकारांची बेरीज ६१८५ येते. अकरा गुणिले ५६२ म्हणजे ६१८२, बाकी तीन. जुळलं. आता मधले शून्य आणि पाच उलटे करा, ३५०४३८. बेरीज ६०२५ होते आणि बाकी आठ. दारावर तीन आहे, कागदावरचा नंबर आठ मागतो. दुसऱ्या आकड्याशी ताडायची गरजच नाही, आकडा स्वतःच सांगतो की माझ्यात गडबड आहे.

५१२ ने गुणत कोण बसणार? पण अकराने भागायचंच आहे तर गुणकही आधीच अकराने भागून घेता येतात. १, २, ४, ८, मग १६ ची बाकी ५, ३२ ची १०, ६४ ची ९, १२८ ची ७, २५६ ची ३, ५१२ ची ६. नीट बघितलं तर एक ते दहा हे सगळे आकडे आले, प्रत्येक एकदाच. दहा घरं आणि दहा वेगवेगळे गुणक. हे मला पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी लोडिंग बेवर उभ्या उभ्या हसलो. नवाच्या लेखी सगळ्या घरांचा भाव एकच होता. इथे कुठल्याही दोन घरांचा भाव सारखा नाही. दोन अंकांनी जागा बदलल्या की बेरजेत पडणारा फरक म्हणजे अंकांतला फरक गुणिले गुणकांतला फरक. दोन्ही दहाच्या आतले, शून्य कुठलंच नाही. अकरा ही मूळ संख्या, तिने अशा गुणाकाराला भाग जाऊच शकत नाही. शेजारचेच काय, सहातले कुठलेही दोन अंक उलटे होऊ देत, अकराला दिसतात.

तोंडी करायची युक्ती त्याहून सोपी. दहा म्हणजे अकराला एक कमी, म्हणून त्याच्या जागी उणे एक घ्यायचं, नवाच्या जागी उणे दोन. सहा अंकांचे गुणक मग पाच, उणे एक, उणे दोन, उणे चार, तीन, उणे पाच असे होतात. अक्षरांची बाकी एकदा काढून ठेवायची, कारण अक्षरं त्याच त्याच कंपन्यांची येतात. सीएसक्यूयू ची बाकी एक. एमएसकेयू ची सहा, एमएससीयू ची सात, या तर आमच्या गेटवर सगळ्यांच्या तोंडपाठ झाल्या. मग ३०५४३८: जमेला एक, पंधरा आणि नऊ, पंचवीस. खर्चाला शून्य, दहा, सोळा आणि चाळीस, सहासष्ट. उणे एक्केचाळीस, त्यात चव्वेचाळीस मिळवले, तीन. चहाचा घोट घेईपर्यंत होतं.

याचा उपयोग झाला तो एका शनिवारी संध्याकाळी. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून व्हॉट्सॲपवर कंटेनर नंबर आला आणि त्यावरून पॅकिंग लिस्ट, वजनाची व्हीजीएम स्लिप, सगळं तयार होत होतं. परभणीचं पोरगं माझ्या खांद्यावरून बघत होतं. "सर, हा पाच मागतोय, त्यांनी दोन लिहिलाय." ट्रेलर अजून मोशीलाही पोचला नव्हता, दार बघायची सोय नव्हती. ड्रायव्हरला फोन लावून फोटो मागवला. दोन अंक उलटे होते. तो नंबर तसाच कागदांवर चढून न्हावा शेवाला गेला असता, तर बंदराच्या गेटवर गाडी बाजूला लागली असती, आणि रविवार कुणाचा गेला असता ते वेगळं सांगायला नको. पोराला त्या दिवशी मिसळ मिळाली.

नंतर त्याला सगळीकडे असले अंक दिसायला लागले. कंत्राटी कामगारांच्या आधार कार्डावरचा बारावा अंक असाच तपासणीचा असतो, पण तिथे साधा भागाकार नाही, व्हेरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाची १९६९ ची रीत आहे. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले तर ती हमखास पकडते. जीएसटी नंबराचं पंधरावं अक्षरही तपासणीचंच. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांच्या सतरा अक्षरी चासी नंबरात नववं अक्षर हेच काम करतं, आणि तिथेही अकराच. बाकी दहा आली तर एक्स लिहितात. कंटेनरवाल्यांनी ही एक्स ची सोय ठेवली नाही. बाकी दहा आली तर शून्य लिहायचं. म्हणजे शून्य दिसलं की ते खरं शून्य की दहा, कळायला मार्ग नाही. असे नंबर शक्यतो देऊच नयेत अशी शिफारस आहे, पण रस्त्यावर सापडतात.

मोठं भोक मात्र अक्षरांत आहे, आणि ते पोरानेच शोधलं. गाळलेले अकरा, बावीस, तेहतीस बघून त्याने कागदावर सगळ्या अक्षरांच्या बाक्या मांडल्या. ए १०, के २१, यू ३२: तिघांचीही बाकी दहा. बी १२, एल २३, व्ही ३४: तिघांची एक. म्हणजे के च्या जागी ए लिहिलं तर अकरालाही पत्ता लागत नाही. गोंगाटात फोनवर सगळ्यात जास्त गफलत कशाची होते? ए आणि के ची. त्याखालोखाल बी आणि व्ही ची.

आता गेटवर कॅमेरा बसलाय, तो नंबर वाचतो आणि बाकीही काढतो. तरी ड्रायव्हर फोनवर नंबर सांगायला लागला की अंक त्याने कसेही सांगावेत, अक्षरांना मात्र आम्ही त्याला अडवतो. के कोल्हापूरचा. ए अकोल्याचा. बी बारामतीचा आणि व्ही वसईचा. परवा बिहारचा एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "साहब, कंटेनर का नंबर चाहिये या बस का टाइमटेबल?"